वीरभद्राचं उत्तर

श्रीशैल हत्तरकीला कोल्हापुरात फारसं कोणी ओळखत नव्हतं. राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावर बाळासो इंगवल्यांचं वेबसाइट बनवून देण्याचं ऑफिस होतं, तिथं तो कामाला होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतले कारखानदार यायचे. त्यांच्या साइटवर मालकाचा फोटो, मशिनचा फोटो आणि खाली पत्ता टाकायचा. मालकाचा फोटो मशिनपेक्षा मोठा हवा, एवढीच त्यातली कला. संध्याकाळी तो कसबा बावड्याला घरी जायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास घेत झोपायचा.

पण इंटरनेटवर त्याला एक जग ओळखत होतं. साइट बनवणाऱ्या लोकांचा एक फोरम होता. नवखे तिथं आपल्या अडचणी लिहायचे, जाणते उत्तरं द्यायचे. जर्मन, अमेरिकन, ब्राझीलचे, कुठकुठले लोक. त्या फोरमवर श्रीशैलचं नाव होतं वीरभद्र. नावाशेजारी डोळे वटारलेला लाल मुखवटा. तो तिथला मॉडरेटर होता, म्हणजे कोणाचं लिहिणं ठेवायचं आणि कोणाचं उडवायचं हे त्याच्या हातात होतं. लोक त्याच्याकडं उत्तरासाठी कमी आणि तो दुसऱ्याला कसं उत्तर देतो हे बघायला जास्त यायचे.

एकानं लिहिलं, "माझं पान कोणालाच उघडत नाही, काय करू?"

वीरभद्र म्हणाला, "लोकांचं नशीब चांगलं आहे. काही करू नकोस."

एकीनं विचारलं, "मी दोन आठवडे शिकतेय, सुरुवात कुठून करू?"

"दुसऱ्या धंद्यापासून."

खाली हसण्याची रांग लागायची. मालकाच्या फोटोची कड कापता कापता श्रीशैल ती रांग बघायचा आणि त्याचा दिवस सुखाचा जायचा.

तो काही जन्माचा दुष्ट नव्हता. काही वर्षांपूर्वी, गडहिंग्लजहून नुकताच आला होता तेव्हा, त्यानंही अशाच एका फोरमवर पहिला प्रश्न टाकला होता. नॉर्वेच्या एका माणसानं लिहिलं होतं, आधी इंग्रजी शीक, मग कॉम्प्युटर. सायबर कॅफेच्या फळकुटाच्या खोपटात श्रीशैलचे कान तापले होते. त्यानंतर त्यानं कोणाला काही विचारलं नाही, धडपडत सगळं एकट्यानं शिकला. म्हणून त्याचं म्हणणं असं, की मला कोणी हाताला धरून शिकवलं? तालमीत पहिल्या दिवशी वस्ताद आरती ओवाळत नाही, माती चारतो. टिकला तो पैलवान.

२००६ च्या उन्हाळ्यात फोरमवर एका मुलीचा प्रश्न आला. "रिस्पेक्टेड सर्स" अशी सुरुवात. इंग्रजी मोडकं, मराठीतून एकेक शब्द उचलून मांडलेलं. प्रश्न असा होता: माझ्या साइटवर लोकांना निरोप लिहायची सोय आहे. चांगले निरोप येतात, पण आता रोज घाणेरड्या गोळ्यांच्या जाहिराती पण येतात. वडीलधारी माणसं साइट बघतात. हे वाईट निरोप कसे काढावेत? कृपा करून सांगा.

खाली साइटचा पत्ता होता. श्रीशैलनं गंमत म्हणून उघडला. हिरवंगार पान, कोपऱ्यात गरगर फिरणारा फुटबॉल, वरून सरकत जाणारी पिवळी अक्षरं: रणझुंजार तालीम मंडळ, शिवाजी पेठ, कोल्हापूर.

त्याचे कान पुन्हा तापले. फोरमवर कोणालाच ठाऊक नव्हतं की वीरभद्र कोल्हापूरचा आहे. तो बंगळुरूच्या मोठ्या कंपनीत असावा असं लोक धरून चालायचे आणि त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. आणि आता भरल्या मांडवात आपल्याच घरचं माणूस फाटक्या कपड्यात येऊन उभं राहिल्यासारखं त्याला झालं. जर्मन हसणार, अमेरिकन हसणार. मग त्यांच्या आधी आपणच हसावं.

त्यानं आधी त्या फिरत्या चेंडूची टर उडवली. मग उत्तर दिलं. साइटच्या कॉम्प्युटरला द्यायची एका ओळीची आज्ञा लिहिली आणि सांगितलं, "ही चालव. एकही वाईट निरोप राहणार नाही."

खोटं काहीच नव्हतं त्यात. ती आज्ञा चालवली की वाईट निरोप जात, चांगलेही जात, निरोप ठेवायची जागासुद्धा जाई. जाणत्याला ते वाचताक्षणी कळलं असतं. नवख्याला कळायचं कारण नव्हतं.

थोड्या वेळानं एका जर्मन माणसानं खाली लिहिलं, "थांब, हे अजिबात करू नकोस. सगळं पुसलं जाईल. योग्य आज्ञा अशी आहे."

श्रीशैलनं ते वाचलं. जर्मनाचं बरोबर होतं. पण मजा आता कुठं रंगायला लागली होती. मॉडरेटरचं बटण दाबून त्यानं तो इशारा उडवून टाकला.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. "थँक यू सर. तुम्ही सांगितलं तसं केलं. आता सगळे निरोप गेले आहेत. चांगले परत कसे आणायचे, सर?"

त्या दिवशी फोरमवर हसण्याची जी रांग लागली तशी पूर्वी कधी लागली नव्हती. वीरभद्रानं शेवटचं वाक्य लिहिलं, "आता पाटी कोरी आहे, अभिनंदन," आणि त्या चर्चेला कुलूप लावलं.

त्याच आठवड्यात दुपारी बाळासो एका मुलीला घेऊन ऑफिसात आला. बाळासो अंगापिंडानं दणकट, आवाज तालमीत घडलेला.

"श्रीशैल, ही वर्षाराणी. आमच्या पेठेतली. हंबीरराव साळोख्यांची लेक. हंबीरराव म्हंजे आमच्या रणझुंजार तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, एके काळी पोस्टात उभा राह्यला की वारं सुद्धा आत जाईत नव्हतं. पोरीनं तालमीची साइट क्येली हाय. कुणीतरी तिचं वाटोळं क्येलंय बघ. तू हुशार हाईस, काय तरी कर."

श्रीशैलनं चेहरा हलू दिला नाही.

वर्षाराणी खुर्चीच्या कडेवर बसली. कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेली, किरकोळ अंगाची. सांगू लागली. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, घरी कोणी येईनासं झालं. म्हणून तिनं ही साइट केली, बाबांचे जुने फोटो टाकले, आणि लोक लिहायला लागले. दुबईत गाडी चालवणारा एकजण. अमेरिकेतले एक इंजिनिअर, लहानपणी ते गोलपोस्टच्या मागं उभं राहून बाबांना पाणी द्यायचे. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले. सायबर कॅफेत वाचायचं, घरी येऊन बाबांना सांगायचं. बाबा रोज विचारायचे, आज कोण?

"मग जाहिराती यायला लागल्या, म्हणून मी फोरमवर विचारलं. वीरभद्र सर म्हणून आहेत, फार मोठे आहेत म्हणं ते. त्यांनी मुद्दाम नसंल केलं. माझंच इंग्लिश कच्चं, मी काय तरी उलटं समजले असणार."

"दुसरीकडं कुठं उतरवून ठेवले नव्हतेस?" श्रीशैलनं विचारलं.

"इंटरनेटवर हाय म्हटल्यावर कुठं जातंय, असं वाटलं."

"मग नाही येत परत. चूक तुझीच आहे. फुकटातली जागा, ती देणारे काही जपून ठेवत नाहीत."

"आरं, बघ तरी आधी!" बाळासो ओरडला.

"थांबा सर, मी दाखवते त्यांनी नेमकं काय लिहिलंय," असं म्हणून वर्षाराणीनं माउस हातात घेतला. श्रीशैल नको म्हणायच्या आत तिनं फोरमचा पत्ता टाइप केला. तो पत्ता तिला पाठ झाला होता. कॉम्प्युटर श्रीशैलचाच, पान त्याच्या नावानं उघडलं. वर कोपऱ्यात लाल मुखवटा आला आणि त्याच्या शेजारी अक्षरं आली: स्वागत, वीरभद्र.

श्रीशैलचा हात माउसकडं गेला. तिनं माउस सोडला नाही.

ती आपली चर्चा उघडून खाली सरकत गेली. मॉडरेटरला उडवलेलं लिहिणंही फिकट अक्षरांत दिसत असतं. त्या फिकट अक्षरांशी येऊन ती थांबली. ओठ हलवत तिनं ते हळूहळू वाचलं.

"काय गं, काय लिवलंय?" बाळासोनं विचारलं.

"जर्मनीच्या एका माणसानं लिहिलंय. थांब, हे करू नको, सगळं जाईल. मला हे दिसलंच नव्हतं."

"का दिसलं न्हाय?"

"ह्यांनी काढून टाकलं होतं." तिनं श्रीशैलकडं बोट केलं नाही, नुसतं बघितलं. "हेच वीरभद्र सर."

बाळासोला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यानं श्रीशैलची कॉलर धरून त्याला खुर्चीतून उचललं. "माझ्या हितं बसून, माझ्या लाइटवर, माझ्या पेठंच्या पोरीला?"

"मारू नका काका," वर्षाराणी म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती. "बाबा रोज विचारतात, आज कोण? चार दिवस मी मनाचं सांगितलं. आता मला सुचत नाही. ह्यांना लिहायला येतंय चांगलं. ह्यांनी लिहू दे. रोज एक निरोप, छापून आणून द्यायचा. लोकांनी लिहिल्यासारखा."

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही," श्रीशैल पुटपुटला.

"मग विचारायचं लोकांना," ती म्हणाली. "लाजायचं नाही."

बाळासोनं कॉलर सोडली. "नोकरी पायजे असली तर हे करायचं. न्हायतर पेठेत नुसतं तुझं नाव सांगतो मी, पुढं काय हुतंय ते तू बघ."

पहिले दोन निरोप श्रीशैलनं आपल्याच डोक्यानं लिहिले. महान खेळाडू, थोर कामगिरी, असले शब्द. वर्षाराणीनं ते वाचले आणि हंबीररावांनी जड जिभेनं विचारलं, "कुठली म्याच?" तिला सांगता येईना. म्हणून तिसऱ्या दिवशी श्रीशैलला तालमीच्या कट्ट्यावर जावं लागलं.

कट्ट्यावर जुने खेळाडू आणि जुने बघे बसलेले असत. त्यांत पुढारी होता गुंडू, हंबीररावांच्या पुढं बॅकला खेळलेला, आता पोट सुटलेला. कशासाठी विचारतोय हे सांगायची श्रीशैलला लाज वाटली. पेपरात लिहायचंय, असं त्यानं ठोकून दिलं.

"पावणं कुठलं?" गुंडूनं विचारलं.

"बावड्याला असतो."

"पेपरात लिवणार! मग ऑफसाइड म्हंजे काय ते सांगा की आधी."

श्रीशैलनं नकारार्थी मान हलवली.

"बॉल गोल असतोय का चौकोनी, एवढं तरी ठावं हाय न्हवं?" कट्टा खदखदून हसला. रस्त्यावरून जाणारं एक माणूस सायकलवरून उतरून हसायला थांबलं. "आरं ज्ञानू, ह्येला आधी पोस्ट कुठलं आन् कट्टा कुठला ते दाव!"

तो खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. त्याला नाव पडलं, पेपरवालं येडं. तो आला की माणसं सरसावून बसायची. दहा थट्टांमागं एखादी खरी गोष्ट पदरात पडायची: चिखलातल्या सामन्यात हंबीररावांनी बूट काढून फेकले होते, एकदा बोट मोडलेलं असताना पट्टी बांधून ते पोस्टात उभे राहिले होते. श्रीशैल ती घेऊन ऑफिसात यायचा आणि जपून लिहायचा. कोणी साताऱ्याचा कंडक्टर, कोणी निपाणीची मास्तरीण, असं नाव बेतून छापायचा आणि साळोख्यांच्या घरी नेऊन द्यायचा.

त्याला उंबऱ्याच्या आत कोणी बोलवत नव्हतं. तो बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायचा. बुटाची गोष्ट वाचली तेव्हा आतून घोगरं हसू आलं. "व्हय! व्हय! श्येतात गेलता यक बूट!" हंबीरराव म्हणाले. चिमणाबाईंनी, म्हणजे वर्षाराणीच्या आईनं, त्या दिवशी बाहेर पाण्याचा तांब्या आणून ठेवला. श्रीशैलच्या लिहिण्यावर रोज शेकड्यांनी माणसं हसत आली होती, पण एक माणूस असा हसला की आपल्याला पाणी गोड लागतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. फोरमवर तो त्या दिवसांत फिरकला नाही.

एके दिवशी कट्ट्यावर त्यानं विचारलं, "हंबीररावांची सगळ्यात मोठी मॅच कुठली?"

गुंडूनं शेजारी बसलेल्या ज्ञानूकडं बघून डोळा मारला. "ती व्हय! मंगळवार पेठंबरबरची फायनल. शेवटचं मिंट. बॉल आला सरपटत, आन् हंबीरनं असा दोन पायात धरला, असा धरला, की अजून पेठ इसरली न्हाय. तेवढ्यावर कप आला बघ. लिव, झ्याक लिव!"

कट्टा हसत होता, पण तो रोजच हसत असे. श्रीशैलनं ते मन लावून लिहिलं. आजवरचं सगळ्यात चांगलं उतरलं. मिरजेच्या एका निवृत्त पोस्टमनच्या नावानं: "तुम्ही दोन पायांत धरलेला तो शेवटचा चेंडू मी विसरलो नाही. अख्खी पेठ त्या दिवशी तुमच्यामुळं रस्त्यावर आली होती."

वर्षाराणीनं मोठ्यानं वाचलं. चिमणाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि लेकीच्या हातातला कागद हिसकावून घेतला.

"कोण लिवलंय ह्ये?" हंबीररावांनी विचारलं.

"मिरजेचे एकजण, बाबा. का?"

"तीस वर्सं झाली. अजून सोडंनात व्हय?" एवढं म्हणून त्यांनी डाव्या हातानं पलंगाची कड धरली आणि मोठ्या कष्टानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

चिमणाबाईंनी पायरीवर येऊन श्रीशैलला सांगितलं, हळू, घराला ऐकू जाणार नाही असं. तो चेंडू दोन पायांतनं आत गेला होता. कप गेला. पेठ रस्त्यावर आली ती खरीच, पण धोंडे घेऊन. ह्या दारावर धोंडे पडले. त्यानंतर ह्यांनी बूट घातला नाही. लेक त्याच्या पुढं जन्मली, तिच्या कानावर आम्ही कधी येऊ दिलं नाही.

श्रीशैल कट्ट्याकडं पळत गेला. त्याला बघून गुंडू टाळी देऊन हसला. "छापलं व्हय रं? छापलं?"

"पेपरात नाही," श्रीशैल म्हणाला. "हंबीररावांना वाचून दाखवलं. रोज त्यांनाच वाचून दाखवत होतो आम्ही."

गुंडूचं हसू तोंडावरच राहिलं. तो उठला आणि चपला न घालताच साळोख्यांच्या घरी निघाला. श्रीशैल मागनं. उंबरा ओलांडताना ह्या वेळी कोणी अडवलं नाही.

"हंबीर," पलंगाशी उकिडवं बसून गुंडू म्हणाला, "मी सांगिटलं रं ते ह्येला. चेष्टा क्येली, ह्या येड्याची. तुझ्याम्होरं वाचत्यात ह्ये मला काय ठावं? ह्यो रोज यायचा इचारायला. मला वाटलं पेपरासाठी लिवतोय."

हंबीररावांनी मान वळवली. आधी गुंडूकडं बघितलं, मग श्रीशैलकडं, आणि मग बराच वेळ लेकीकडं.

"म्हंजे ह्यो लिवायचा?"

वर्षाराणीनं मान खाली घातली.

"बुटाचं बी ह्येनंच?"

"व्हय बाबा," वर्षाराणी म्हणाली.

"दुबईचा? अमेरिकंचा त्यो, पानी द्येणारा?"

"ते खरे होते बाबा! ते खरंच लिहिलं होतं लोकांनी. देवाशपथ!"

"दाखीव."

वर्षाराणी उभी राहिली. तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. तिनं श्रीशैलकडं बघितलं तसे हंबीररावही तिकडं बघू लागले. श्रीशैल म्हणाला, "काका, खरे होते ते. मीच घालवले." हंबीरराव समजल्यासारखी मान हलवत राहिले, लहान मुलाच्या थापेला हलवावी तशी.

पुढं वर्षाराणीनं निरोपांची जागा नव्यानं उभी केली आणि साइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ज्यांनी पूर्वी निरोप लिहिले होते त्यांनी कृपा करून पुन्हा लिहावेत. बरेच दिवस काही आलं नाही. मग पावसाळा सरता सरता अमेरिकेतल्या त्या इंजिनिअरचं लांबलचक लिहिणं आलं. गोलपोस्टच्या मागची जागा, पाण्याची बादली, हंबीररावांनी एकदा गालगुच्चा घेतला होता तो, सगळं. तिनं ते बाळासोच्या ऑफिसात छापून घेतलं, धावत घरी आणलं आणि बाबांना सगळं वाचून दाखवलं.

हंबीररावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कागद डाव्या हातात घेतला, उलटा सुलटा केला आणि तिला परत दिला.

"चांगलं लिवतोय गं त्यो पोरगा," ते म्हणाले.